रागाचे खाते

रात्रीचे अडीच वाजले होते. सहा वर्षांचा मुलगा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभा राहून वरणभात मागत होता. संध्याकाळी तो पोटभर जेवला होता, दहा वाजता पुन्हा दूधपोळी खाल्ली होती. आई म्हणाली, "सकाळी देते हं, राजा." त्याने हातातला पेला भिंतीवर भिरकावला आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच हमसून रडू लागला. आवाजाने आजी जागी झाली. "आजारी म्हणून फार लाडावलंत त्याला," ती म्हणाली. सून काही बोलली नाही; पण तिच्या डोळ्यांचे पाणी खळेना.

मुलाला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाला होता. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा हा रक्ताचा कर्करोग आज योग्य उपचारांनी बहुतांश मुलांत बरा होऊ शकतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. उपचारांच्या पहिल्या टप्प्यात, सुमारे चार आठवडे, स्टेरॉइडच्या गोळ्या रोज होत्या. या गोळ्या विकृत पेशींना मारतात. त्यांना सहज पर्याय नाही. मूत्रपिंडांच्या वरच्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे जे संप्रेरक रोज अल्प प्रमाणात तयार करतात, त्याच जातीचे हे औषध कितीतरी पटींनी शरीरात जाते. त्याचा परिणाम मेंदूवरही होतो. भूक अनावर होते, झोप उडते, क्षणात संताप, क्षणात रडू. चेहरा गोल होतो आणि भेटीला आलेले पाहुणे "छान गुटगुटीत झाला" म्हणून जातात. आईला ते शब्द बोचत.

पुढे देखभालीचा दीर्घ टप्पा सुरू झाला. आता दर महिन्याला 5 दिवस त्याच गोळ्या होत्या. वडील कापडाचे व्यापारी. हिशेब लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी एका कोऱ्या वहीत रोजची गोळी, जेवण, झोप आणि मुलाचा स्वभाव टिपायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी पाने चाळताना ते थबकले. प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड सुरू झाली होती, गोळ्या थांबल्यावर थोड्याच दिवसांत ओसरली होती. उरलेल्या दिवसांवर 'खेळला', 'हसला' असेच लिहिलेले होते.

त्या रात्री त्यांनी वही आईपुढे ठेवली. "आई, हा राग आपण पोराच्या नावे लिहीत होतो. खाते चुकले. हा औषधाच्या नावे लिहायचा."

आजी बराच वेळ वहीकडे पाहत राहिली.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्या नोंदी लक्षपूर्वक वाचल्या. झोपेचा विचार करून गोळ्यांच्या वेळा ठरवून दिल्या, मीठ आणि गोड कमी ठेवायला सांगितले. स्वतःच्या मनाने गोळी कमी करायची नाही की बंद करायची नाही, हे बजावले. मुलाला भास होऊ लागले, किंवा तो स्वतःला इजा करण्याची भाषा बोलू लागला, तर तत्काळ कळवायचे, हेही सांगितले.

घरातले शब्द मात्र घरानेच बदलले. संतापाच्या क्षणी वाद घालणे थांबले. समजावणे शांत झाल्यावर. मारणे किंवा फेकणे चालणार नाही, ही मर्यादा कायम राहिली. पण 'वाईट मुलगा' हे शब्द गेले. थोरल्या बहिणीलाही सारे समजावून सांगितले आणि त्या 5 दिवसांत रोज अर्धा तास फक्त तिच्यासाठी राखला.

एका संध्याकाळी मुलाने विचारले, "आजी, मी वाईट आहे का गं? मला रागवायचं नसतं, तरी राग येतो."

आजीने त्याला जवळ घेतले. "नाही रे बाळा. तो गोळीचा राग आहे. गोळी संपली की तो जातो. तू आमचा आहेस तसाच आहेस."

सूर्यास्तानंतर स्वतः पाण्याचा थेंबही न घेणारी ती आजी आता दर महिन्याला भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहून सुनेला विचारते, "उद्यापासून गोळ्या ना? मग मूगडाळ आजच भिजत घालू. रात्री भूक लागली, तर धिरडी मी करीन. तू नीज."