‘व्यवस्था बिघडेल’ हा जुनाच बहाणा

राखीव जागेवरून महाविद्यालयात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही ऐकले, "तुमच्यामुळे दर्जा घसरतो." किती घसरला, पुरावा काय, हे विचारायचे धाडस तेव्हा झाले नाही. पुढे अमेरिकेतल्या टेलिफोनचा इतिहास वाचला आणि तेच वाक्य पुन्हा भेटले.

तिथे एटी अँड टी कंपनीची जवळपास मक्तेदारी होती. तारा तिच्या, एक्स्चेंज तिचे, घरातला फोनही तिचाच, भाड्याचा. त्याला बाहेरची वस्तू जोडायला मनाई. ‘हश-अ-फोन’ म्हणजे फोनच्या तोंडाशी बसवायचे कपासारखे साधन. बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये, एवढाच उपयोग. ना वीज, ना तार. तरी कंपनी म्हणाली, सेवा बिघडेल. १९५५ मध्ये सरकारी आयोगानेही कंपनीचीच री ओढली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

टेक्सासच्या थॉमस कार्टर यांचे ‘कार्टरफोन’ हे यंत्र रेडिओवरचे बोलणे फोनवर पोचवायचे. रिसीव्हर त्यावर नुसता ठेवायचा, तारेला तार लागतच नव्हती. तरीही विटाळ झालाच! १९६८ मध्ये आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला. मग कंपनीने नवी अट काढली: बाहेरचे यंत्र जोडायचे तर मध्ये आमचे संरक्षक उपकरण बसवा आणि त्याचे पैसे भरा. त्यातून सुटका व्हावी म्हणून १९७५ मध्ये आयोगाला यंत्रांच्या नोंदणीचे नियम करावे लागले. पुढे घरोघरी फॅक्स, मोडेम, आन्सरिंग मशीन जोडली गेली. टेलिफोन काही कोसळला नाही.

हे वाचताना आम्हाला महाड आठवले. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. कागदावर तळे खुले होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, तर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. तिथे धंदा अडवला, इथे माणूसपण नाकारले. पण बहाणा एकच: आमचा स्वार्थ म्हणजे सर्वांची सुरक्षितता. आणि निकाल लागला तरी दारात नवी अट उभीच.

म्हणून तरुणांनो, कोणी ‘दर्जा घसरतो’ म्हणाले की गप्प बसू नका. पुरावा मागा. आणि मिळालेला हक्क वापरा. न वापरलेला हक्क कागदावरच राहतो.

जय भीम!