एकूण खर्चाचं कुलूप

वडोदऱ्याच्या बाबांचा सगळा जन्म हिशेबात गेला. कापड गिरणीत लेखापाल म्हणून तीस वर्षं काढलेली. खतावणीत खाडाखोड नाही, चुकलंच तर आडवी रेघ आणि शेजारी सही, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे सातारा जिल्ह्यातला वडिलोपार्जित वाडा दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा हिशेब दादांकडेच असावा, असं इंदूरच्या आणि पुण्याच्या भावांनी एकमुखानं सांगितलं. प्रत्येकानं चाळीस हजार काढले. तिघांनाही दिसावा म्हणून सुनेनं एक्सेलमध्ये तक्ता करून दिला. भाऊ आपापल्या फोनवर तो उघडून पाहू लागले.

आणि एका रविवारी सकाळी धाकट्याचा फोन आला. ना चहापाण्याची चौकशी, ना प्रकृतीची. ‘‘दादा, तक्त्यात शिल्लक पंचेचाळीस हजार पाचशे दिसते आणि पासबुकात सत्तावीस हजार पाचशे. मधले अठरा हजार?’’

बाबांनी फोन ठेवला आणि ताटावरून उठले. साठ वर्षांच्या भावाभावांत असा प्रश्न याआधी कधी आला नव्हता.

सुताराला दिलेले अठरा हजार तक्त्यात नोंदलेले होते. पण यादी वाचतो कोण? सगळे तळाचा आकडा पाहतात. सुनेनं ‘एकूण खर्च’ या चौकोनावर कर्सर नेला, तर तिथं बेरजेचं सूत्र नव्हतंच. नुसता ७४,५०० हा आकडा बसला होता. कौलांचे ४६,५०० आणि गवंड्याचे २८,००० एवढीच ती बेरीज. पुढं काहीही लिहा, ती जागची हलणार नव्हती, आणि शिल्लकही तिच्याच जोरावर निघत होती.

‘शो चेंजेस’ नावाच्या सोयीत गेल्या दोन महिन्यांतले बदल दिसतात, कोणी आणि केव्हा केले तेही. सुनेनं ते उघडलं आणि क्षणभर बोलायचं कसं, हे तिला सुचेना. नाव बाबांचंच होतं. त्यांनी सवयीप्रमाणे कागदावर बेरीज करून ती त्या चौकोनात लिहिली होती. वहीत बेरीज लिहावीच लागते. इथं मात्र लिहिल्याबरोबर सूत्र पुसलं गेलं.

‘‘बाबा, मी तो चौकोन बंद करून ठेवते,’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे माझ्याच वहीला कुलूप? माझ्यासाठी?’’

तिनं वाद घातला नाही. कामाला बसली.

या कुलपाची तऱ्हा जरा उफराटी आहे. एक्सेलमध्ये प्रत्येक चौकोन जन्मतःच कुलूपबंद असतो, पण संपूर्ण पानाला संरक्षण देईपर्यंत ते कुलूप लागतच नाही. त्यामुळे पुष्कळांची फजिती होते: थेट संरक्षण लावतात आणि मग कोणालाच एक अक्षर लिहिता येत नाही. म्हणून आधी उघडायचं, मग बंद करायचं. सुनेनं तारीख, तपशील आणि रक्कम हे तीन रकाने दोनशे ओळींपर्यंत निवडले, कंट्रोल आणि १ दाबून ‘प्रोटेक्शन’मधली ‘लॉक्ड’ची खूण काढली. मग ‘रिव्ह्यू’मधून ‘प्रोटेक्ट शीट’. तिथंच ‘सिलेक्ट लॉक्ड सेल्स’ पुढची खूणही काढून टाकली. पासवर्ड घातलाच नाही. असलं कुलूप चुकणाऱ्या हातासाठी असतं. मुद्दाम फोडणाऱ्याला ते अडवत नाही, हे खुद्द मायक्रोसॉफ्टही सांगते.

खरी गंमत पुढं झाली. बाबांचा उजवा हात अलीकडे थरथरतो. माउसचा बाण नेमक्या चौकोनावर नेणं म्हणजे त्यांना सुईत दोरा ओवण्यासारखं. सूत्रावर आकडा पडला त्यात त्या थरथरीचाही वाटा असेल, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नसतं. आता बंद चौकोनांवर कर्सर जातच नव्हता. टॅब दाबलं की तारखेवरून तपशील, तपशिलावरून रक्कम, रकमेवरून थेट पुढच्या ओळीची तारीख. मागं यायचं तर शिफ्टसह टॅब. बाबांनी माउस हळूच बाजूला सारला आणि चुन्याच्या पोत्यांची नोंद दोन बोटांनी पुरी केली.

‘‘हे बरंय,’’ एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा हाक मारली. ‘‘पासवर्ड काय ठेवलायस?’’

‘‘काहीच नाही, बाबा.’’

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘रकमेच्या पुढं आणखी एक रकाना उघडा कर. शेऱ्याचा.’’

संध्याकाळी पुण्याच्या धाकट्यानं फोनवर तक्ता उघडला. एकूण खर्च ९२,५००, त्यात चुना अजून उधारीवर असल्यानं रक्कम कोरी, शिल्लक २७,५००. आणि सुताराच्या ओळीपुढं बाबांचा शेरा: ‘वरील बेरीज माझ्या हातून चुकीची लिहिली गेली होती. दुरुस्त केली.’ खाली आद्याक्षरं आणि तारीख.

रात्री साडेनऊला वडोदऱ्याचा फोन वाजला. या वेळी धाकट्यानं आधी हाताच्या थरथरीबद्दल विचारलं.