उपन्यासक

कर्नाटकातील एखाद्या महाविद्यालयात 'उपन्यासक' हा शब्द दिसला, तर मराठी वाचक क्षणभर थबकतो. हिंदी-बंगालीच्या परिचयामुळे 'उपन्यास' म्हटले की त्याला कादंबरी आठवते. कन्नडमध्ये मात्र कादंबरीला कादंबरीच म्हणतात. तेथे उपन्यास म्हणजे व्याख्यान आणि उपन्यासक म्हणजे व्याख्याता. महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयाच्या अकरावी-बारावीला बंगळूरमध्ये 'पी. यू.', म्हणजे पदवीपूर्व वर्ग, म्हणतात आणि तेथे शिकवणाऱ्याचे पदनाम उपन्यासक असे असते. संस्कृतातील मूळ धातूकडे पाहिले, तर या शब्दाचा अर्थ 'जवळ ठेवणे' असा निघतो. पदवीपूर्व वर्गाचा अध्यापक होणे म्हणजे काय, याचे उत्तर या व्युत्पत्तीत बरेचसे दडलेले आहे.

एम.एस्सी. होऊन नुकताच वर्गावर उभा राहिलेला भौतिकशास्त्राचा तरुण अध्यापक विषयात फार पुढे गेलेला असतो आणि हीच त्याची पहिली अडचण ठरते. वर्तुळावर एकसमान चालीने फिरणाऱ्या वस्तूला त्वरण असते, हे त्याच्या इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात न समजण्यासारखे काय आहे, हेच त्याला उमजत नाही. समोरच्या सोळा वर्षांच्या मुलाला मात्र, चाल बदलत नसताना त्वरण येते कोठून, हा प्रश्न खराखुरा छळत असतो. चाल तीच राहूनही दिशा बदलली की वेग बदलतो, एवढ्या एका वाक्यापर्यंत पोहोचायला त्याला कदाचित संपूर्ण तास लागेल. त्यात भाषेची भर पडते. कन्नड माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने चालीला 'जव' आणि त्वरणाला 'वेगोत्कर्ष' म्हटलेले असते. बेळगावकडच्या मराठी माध्यमाच्या मुलाच्या जिभेवर 'चाल' आणि 'त्वरण' असतात. विज्ञानशाखेत या दोघांपुढेही इंग्रजी संज्ञा एकदम येऊन उभ्या राहतात. कल्पना ओळखीची, नाव तेवढे परके. पण मुलाला वाटते की आपल्याला विषयच येत नाही. अशा वेळी फळ्यावर इंग्रजी संज्ञेशेजारी 'वेगोत्कर्ष' लिहिणारा अध्यापक आपल्या पदनामाचा मूळ अर्थच आचरत असतो.

बंगळूरमध्ये हा अर्थ आयुष्यभर जगलेला अध्यापक म्हणून डॉ. एच. नरसिंहय्या यांचे नाव घ्यावे लागते. गौरीबिदनूर तालुक्यातील होसूर या खेड्यातून १९३५ मध्ये हा गरीब मुलगा शिक्षणासाठी चालत बंगळूरला आला आणि बसवनगुडीच्या नॅशनल हायस्कूलमध्ये दाखल झाला. १९३६ मध्ये महात्मा गांधी या शाळेत आले, तेव्हा त्यांचे हिंदी भाषण कन्नडमध्ये सांगण्याचे काम या विद्यार्थ्याकडे आले. परक्या भाषेतील विचार श्रोत्यांच्या जवळ नेऊन ठेवण्याचा हा त्याचा पहिला धडा म्हणता येईल. १९४२ च्या आंदोलनात त्यांचे शिक्षण थांबले. त्यांना तुरुंगवास घडला, त्यात पुण्याचे येरवडाही होते. पुढे भौतिकशास्त्राचे उच्च शिक्षण पुरे करून १९४६ मध्ये ते बसवनगुडीच्याच नॅशनल कॉलेजात व्याख्याते झाले. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाची अणुकेंद्रीय भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवूनही ते याच महाविद्यालयात परतले आणि प्राचार्य झाले. १९७२ ते १९७७ या काळात त्यांनी बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. तरीही ३१ जानेवारी २००५ रोजी मृत्यू येईपर्यंत या अविवाहित माणसाचे घर म्हणजे महाविद्यालयाच्या वसतिगृहातील एक साधी खोली होती. विद्यार्थ्यांच्या जवळ राहणे हा त्यांच्या अध्यापनाचाच भाग होता. १९६२ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या बंगलोर सायन्स फोरमने शास्त्रज्ञांची व्याख्याने सामान्य श्रोत्यांसाठी खुली केली. कुलगुरू असताना चमत्कारांची चिकित्सा करणारी समिती नेमून त्यांनी प्रश्न विचारण्याचा अधिकार विद्यापीठाच्या भिंतींबाहेर नेला.

आजच्या उपन्यासकाची कसोटी या प्रश्नापाशीच लागते. १९९४ पासून कर्नाटकात सामाईक प्रवेश परीक्षा आहे. अभियांत्रिकीचा मार्ग तिच्यातून जातो. पालक, संस्था आणि खुद्द विद्यार्थी यांना उत्तर हवे असते, तेही लवकर. त्यांची ही घाई अन्यायाची म्हणता येत नाही, कारण खेड्यातून आलेल्या मुलाच्या साऱ्या घराचे भवितव्य त्या दोन वर्षांवर टांगलेले असते. त्याला गुणांपासून वंचित ठेवून जिज्ञासेचे कौतुक सांगणे हे क्रौर्यच होईल. पण त्वरण कोठून आले हे न कळताच सूत्र पाठ करून जो मुलगा पुढे जातो, त्याची फसवणूकही तितकीच खरी असते. ती फक्त उशिरा, बहुधा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी, उघडकीस येते.

या दोहोंमधून वाट काढण्याची विद्या बी.एड.च्या पाठनियोजनात पुरती सापडत नाही. ती वर्गातच हळूहळू येते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी केव्हा तरी हा तरुण अध्यापक तासाच्या मध्यावर थांबतो, मागच्या बाकावरील गप्प मुलाकडे पाहतो आणि एके काळी आपल्यालाही हे समजले नव्हते, हे त्याला आठवते. मग तो फळा पुसतो आणि पुन्हा वर्तुळ काढतो.