रत्नागिरींतील एक नाट्यरात्र

कोल्हापुराहून आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे येऊं लागलें, कीं जांभ्या दगडाच्या तांबूस रंगावरून व हवेंतील खारटपणावरून कोकण आल्याचें प्रवाशास कळतें. ह्या गांवांत प्रेक्षणीय स्थळांची वाण नाहीं. तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेला रत्नदुर्ग आहे, त्यावर भगवतीचें देऊळ आहे. लोकमान्यांचें जन्मस्थान आहे. आणि ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा ह्यास ठेवण्यासाठीं इंग्रज सरकारनें १९१० सालीं पुरा केलेला वाडा आहे. १८८५ सालीं राज्य गमावलेला हा राजा १९१६ सालीं ह्याच गांवीं वारला. हें सर्व पाहून झालें, तरी रत्नागिरी समजली असें म्हणतां येत नाहीं. ती समजावयाची असेल, तर येथील मनुष्य कशाला हंसतो आणि कशाला हंसत नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

नाटकाची आवड तर ह्या मातींतच मुरलेली आहे. १९२४ ते १९३७ ह्या स्थानबद्धतेच्या काळांत सावरकरांनीं ‘उःशाप’ व ‘संन्यस्त खड्ग’ हीं नाटकें लिहिलीं. वाडीवाडींतून शिमग्याच्या सुमारास नमन-खेळे उभे राहतात, त्यांची परंपरा तर ह्याहून कितीतरी जुनी. शिवाय रत्नागिरीकराच्या जिभेवरील तिरकस विनोद पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘अंतू बर्व्या’नें घरोघरीं पोहोंचविलेला आहे. अशा गांवीं विनोदी नाटक घेऊन येणाऱ्यानें थोडें जपूनच यावें!

गेल्या पौषांत आम्ही उभयतां तेथें आमच्या आत्याबाईंकडे चार दिवस राहिलों होतों. आत्याबाईंचें वय त्र्याऐंशी. मुलगे मुंबईस; त्या मात्र घर आणि कलमें सोडून जावयास तयार नाहींत. गुडघ्यांमुळें गेल्या दोन वर्षांत देवळापलीकडे त्यांचें पाऊल पडलें नव्हतें. मुंबईचें एक विनोदी नाटक गांवांत येणार, अशी जाहिरात वाचून त्यांनींच चार तिकिटें आणविलीं होतीं. चौथें तिकीट बागेची राखण करणाऱ्या गड्याचें. आम्हीं चौकशी केली, तेव्हां त्या म्हणाल्या, “अरे, पायऱ्या चढायला हात तोच देणार ना मला? मग त्यानं बाहेर रिक्षांत कां बसायचं?” त्या दिवशीं दुपारपासूनच त्यांनीं कपाटांतील नऊवारी काढून ठेविली होती.

खेळ पन्नास मिनिटें उशिरा सुरू झाला. उशिराचें कारण कोणी सांगितलें नाहीं, तरी प्रेक्षकांनीं कुरकुर केली नाहीं. कारण मुंबईहून येणाऱ्या मंडळींचे कष्ट लहान गांवांतील लोक जाणून असतात. आरंभ बरा होता. वडिलार्जित घर विकण्यासाठीं दोघे भाऊ एकमेकांस नकळत दोन निरनिराळीं गिऱ्हाइकें बोलावतात, आणि आई मात्र तें घर सजवीत असते. कल्पना चांगली, आणि कोकणांतल्या प्रेक्षकास तर फारच जवळची. बंद घरांचीं कुलुपें ज्यांच्या आळींत लटकत आहेत, ते लोक पुढें सरसावून बसले.

पण तीं दोन गिऱ्हाइकें अखेरपर्यंत एकमेकांसमोर आलींच नाहींत! मुख्य नटानें पहिल्या अंकाच्या मध्यावरच कथानकाचा हात सोडला, व मोबाईल, चित्रपट, सासू ह्यांवरील सुट्या कोट्या सुरू केल्या. एका कोटींत गांवाचें नांव घालावयाचें होतें, तेथें त्यानें रत्नागिरीऐवजीं भलत्याच गांवाचें नांव घेतलें. सर्व रात्रींत सर्वांत मोठा हंशा त्या चुकीला मिळाला. दुसऱ्या अंकांत एक कोंकणी गडी आला. तो अनुनासिक हेल काढून बोले, अडखळे, आणि प्रत्येक वाक्याला थोबाडींत खाई. त्याला नाटकांत दुसरें कांहीं कामच नव्हतें. शेवटीं घराचें काय होणार हें ठरण्यापूर्वींच मातृप्रेमावर एक लांबलचक भाषण झालें आणि पडदा पडला.

न्यायाचें बोलावयाचें, तर मागच्या रांगांतून कांहीं लोक हंसत होते, आणि आईचें काम करणाऱ्या बाईंनीं आपली भूमिका शेवटपर्यंत इमानानें सांभाळली. दौऱ्यावरची मंडळी आदल्या रात्रीं दुसऱ्या गांवीं खेळ करून आलेली असतात, हेंही खरें. परंतु थकवा हें अभिनय फिका पडण्याचें कारण होईल. कथानक सोडून देण्याचें होत नाहीं.

विनोदी नाटक म्हणजे हलकें काम, अशी एक समजूत आहे. ती किती खोटी आहे, हें देवलांचें ‘संशयकल्लोळ’ पाहिलें म्हणजे कळतें. मूळ फ्रेंच नाटककार मोलिएर ह्याचें; त्यावरून मर्फी ह्यानें इंग्रजींत रचलें; त्यावरून देवलांनीं प्रथम गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिलें, आणि पुढें त्याचेंच झालेलें संगीत नाटक गंधर्व नाटक मंडळीनें १९१६ सालीं रंगभूमीवर आणलें. देवलही त्याच वर्षीं गेले. ह्या नाटकांत घडतें तें किती थोडें! रेवतीस रस्त्यांत घेरी येते. फाल्गुनराव तिला सांवरतो. कृत्तिका तें खिडकींतून पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खालीं पडते, ती कृत्तिकेच्या हातीं लागते, आणि आतां फाल्गुनरावास संशय येतो. प्रत्येकानें डोळ्यांनीं पाहिलेलें खरें असतें, त्यावरून काढलेलें अनुमान तेवढें खोटें. एका तसबिरीवर सारा डोलारा उभा आहे. तींतून एक दुवा काढला, तर तो ढांसळेल. नटानें मध्येंच स्वतःच्या कोट्या घुसडल्या, तर हंशा वाढत नाहीं, संशयाची सांखळी तुटते. आणि तेथें नोकर आहे, भादव्या. पण त्याच्या बोलण्यावांचून घोटाळा पुढें सरकत नाहीं.

रिक्षांतून परततांना आत्याबाई एवढेंच म्हणाल्या, “बोलले पुष्कळ, घर विकलं कीं नाहीं, तेवढं राहिलं.” आमचा गडी मात्र गप्प होता. पहिल्या अंकांत तो मोकळेपणानें हंसला होता. रंगभूमीवरील गड्यानें दुसरी थोबाडींत खाल्ल्यावर त्यानें मान खालीं घातली, ती वर केली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाणी शेंदतांना त्यानें आपण होऊन सांगितलें, कीं त्याच्या वाडीच्या नमनांत तो संकासूर होतो. काळा वेष, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. “आम्हीपण हंसवतो, पण आमच्या संकासुराला सगळीं भितात आधीं,” तो म्हणाला. “नुसता मार खाणारा संकासूर कोण बघेल?”

शास्त्र्यांनीं हास्यरसावर पुष्कळ लिहिलें आहे. पण विहिरीच्या कांठचें हें वाक्य आम्हांस त्याच तोलाचें वाटलें. ज्याला हंसावयाचें, त्याच्या अंगीं प्रथम कांहीं बळ दाखवावें लागतें. ज्याला दुसरें कांहींच दिलेलें नाहीं, त्याच्या फटफजितीला मनुष्य एकदां हंसतो, आणि मग त्याला आपल्याच शेजाऱ्याकडे पाहण्याची लाज वाटूं लागते.

लहान गांवांत वर्षाकांठीं मोजकींच व्यावसायिक नाटकें येतात. मुंबई-पुण्यांतला प्रेक्षक एक रात्र फुकट गेली, तर पुढल्या आठवड्यांत दुसरें नाटक पाहतो. येथें तसें नाहीं. एखाद्या वृद्ध बाईनें दोन वर्षांनीं उंबरठा ओलांडलेला असतो, एखाद्या गड्यानें आयुष्यांत प्रथमच खुर्चीवर बसून नाटक पाहिलेलें असतें. ते दोघे पुन्हां येतील कीं नाहीं, हें त्या एका रात्रीवर ठरतें. नाटक मंडळ्यांनीं तिकिटांचा हिशेब करतांना हीही जमा-नांवें मांडावी.

आत्याबाई पुन्हां नाटकाला जातील कीं नाहीं, हें आम्हांस विचारवलें नाहीं. शिमग्याला मात्र त्यांनीं आम्हांस बोलाविलें आहे. नमन त्यांच्याच अंगणांत होणार आहे, आणि तेथें चढावयास पायऱ्या नाहींत.