उठू द्या त्यांना

लकवा झालेल्या माणसाच्या घरी गेले की माझी नजर आधी बाजेवर जाते. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेच्या आसपासच्या खेड्यांत ती बहुधा बसकी असते, दोरी सैल पडून मधोमध खोलगट झालेली. तिच्यावरून उठणं धडधाकट माणसालाही जड जातं. पायांखाली विटा घातल्या, बसायला फळी टाकली, की उठणं आवाक्यात येतं.

उठवताना मुलगा समोर उभा राहून लुळा हात ओढतो. मायेनंच ओढतो. पण लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडतात, सांधा खाली उतरतो, ओढला की दुखणं मागे लागतं. शिवाय उठायचं काम मुलानंच केलेलं असतं. मी सांगते, टाचा गुडघ्यांच्या मागे घ्या, नाक पायांच्या बोटांपुढे येईल इतकं वाका, मग उठा. लुळ्या बाजूला उभं राहायचं आणि तोल गेला तरच कमरेला धरायचं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, म्हणजे व्यायामाची ओळख इथे जुनी. या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना बैठका शिकवाव्या लागत नाहीत. बाजेवरून उठणं-बसणं ही बैठकच आहे म्हटलं, की तेच मोजायला लागतात.

मेंदूचा जो भाग रक्तावाचून मरतो, तो परत येत नाही. शाबूत राहिलेला भाग त्याचं काम शिकतो, पण करून करूनच. पहिल्या तीन महिन्यांत हे शिकणं सगळ्यात वेगानं होतं, आणि नेमके तेच महिने आपल्याकडे पडून राहण्यात आणि तेल चोळण्यात जातात. चोळल्यानं बरं वाटतं. चालणं मात्र चालूनच येतं.

हाताचंही तसंच. अमेरिकेतले एडवर्ड टाउब यांनी चांगला हात बांधून ठेवायची रीत काढली, म्हणजे लुळ्या हाताला काम करावंच लागतं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, या रीतीच्या एक्साइट चाचणीत 222 पेशंट होते. दोन आठवड्यांच्या सरावानं झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असतील, तरच ही रीत लागू पडते.

आयुष्यभर कापूस वेचलेल्या एक मावशी मला म्हणाल्या, "डाक्टरबाई, हा हात माह्या वाटतच नाही जी." सून त्यांना रबरी चेंडू दाबायला देत होती. लकव्यात मूठ आपोआप आवळते. अडतं ते उघडणं. मी चेंडू बाजूला ठेवायला लावला आणि फुटलेली बोंडं मागवली. चांगला हात पदराखाली. अंगठा आणि दोन बोटं बोंडापाशी नेताना खांदा वर चढायचा, ओठ घट्ट मिटायचे. कापूस निघाला, पण टोपल्यात पडेना. बोटांतच अडकून राहिला. तो सोडणं हाच त्यांचा खरा व्यायाम होता. मनगट टोपल्याच्या काठावर टेकवलं, खांदा खाली सोडायला सांगितलं. हळूहळू अंगठा बाजूला सरकला आणि कापूस पडला. मावशींनी लगेच दुसरं बोंड ओढलं.

सराव ओळखीच्या कामाचा असला की माणूस तो सोडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून घरच्यांकडे माझं एकच मागणं असतं. लुगडं त्यांचं त्यांना नेसू द्या, सदऱ्याची बटणं त्यांनाच लावू द्या, पाण्याच्या माठापर्यंत त्यांनाच जाऊ द्या. तुम्ही जवळ उभे राहा, पडू देऊ नका, पण घाई करू नका.