टेकडीवरचा रेडिओ

चि. निनाद,


तुझा लेख काल दोनदा वाचला. ‘रवांडातल्या पत्रकारांना कणाच नाही’ या वाक्यावर घास अडला.

अरे, त्या देशात रेडिओनं माणसं मारवली. आरटीएलएम हे स्टेशन १९९३च्या जुलैत सुरू झालं तेव्हा त्यावर नाचाची गाणी आणि चावडीवरच्या गप्पांसारखी थट्टामस्करी असे. म्हणूनच ते घराघरात ऐकलं गेलं. १९९४च्या एप्रिलपासून त्याच ओळखीच्या आवाजांनी तुत्सी समाजाच्या लोकांना ‘इन्येंझी’, म्हणजे झुरळं, म्हणत माणसांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर सांगितले. शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने, सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. स्टेशनच्या संस्थापकांतला फर्डिनांड नहिमाना तर इतिहासाचा प्राध्यापक! अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ साली त्याला दोषी ठरवलं.

पुढे गचाचा या गावपातळीवरच्या न्यायपंचायतींतून शिक्षा झालेले कितीतरी जण सुटून आपल्याच टेकडीवर परतले. समोरच्या घरात जिची माणसं मारली गेली, ती बाई. बातमी दोघंही ऐकतात, एकाच भाषेत. ‘हुतू’, ‘तुत्सी’ ही दोन समाजांची नावं तिथे उच्चारताना निवेदकाची जीभ जड होणारच. २००४ पासूनची ‘मुसेकेवेया’ ही रेडिओमालिका ती नावं टाळून बुमांझी आणि मुहुमुरो या काल्पनिक गावांच्या वैरातून द्वेष कसा पेटतो ते सांगते. हा भेकडपणा नव्हे, निनाद.

पण सरकारनेही या जखमेचा आडोसा घेतला, हे तुझं म्हणणं खरं. ‘वंशसंहाराच्या विचारसरणी’विरुद्धचा २००८चा कायदा इतका ढगळ होता की टीकाकारही त्यात सापडत. २०१४ मध्ये एका माहितीपटावरून बीबीसीच्या किन्यारवांडा सेवेचं तिथलं प्रसारण बंद केलं गेलं. म्हणजे तिथला पत्रकार दोन भीतींमध्ये उभा आहे: शब्द पेटेल ही एक, शब्दाबद्दल धरतील ही दुसरी. तुझ्या लेखात दुसरीच दिसली.

आणि आता तू एप्रिलमध्ये, नेमका वंशसंहाराच्या स्मृतिसप्ताहात, किगालीला निघालास. तू परत येशील. तुला उत्तर देणारी बाई रात्री त्याच टेकडीवर झोपेल. तिचं नाव, गाव, दाराचा फोटो काही छापू नकोस. निघण्याआधी घरी ये, प्रश्नांची वही घेऊन. एकेक प्रश्न दुभाष्याच्या तोंडून तिला कसा ऐकू येईल, ते बसून पाहू.

तुझी,
मावशी