जिन, बाबा आणि आपले व्हॉट्सॲप ग्रुप

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. सवड असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा आणि मगच कमेंट करा.

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी जमिनीवर तडफडतेय, एका बाबाने तिचे केस मुठीत धरलेत, शेजारी मिरच्यांची धुरी, आणि बाबा विचारतोय, "कौन है रे तू? कहाँ से आया?" खाली कॅप्शन, 'जिन उतरताना लाइव्ह'. आमच्या बाजूच्या ग्रुपवर लोकांनी 'अल्लाह खैर करे' लिहिलं. दुसऱ्या बाजूच्या ग्रुपवर हसण्याच्या इमोजी पडल्या आणि 'यांच्यात असंच चालतं' असं कोणीतरी लिहिलं. ज्यांनी हे लिहिलं, त्यांच्या गावात दर अमावस्येला काय चालतं याच्या बातम्या मी वीस वर्षं लिहितोय. असो.

मी पत्रकार आहे, मौलाना नाही. पण मुसलमान घरात वाढलोय, त्यामुळे जिन म्हणजे काय हे मला लहानपणापासून ऐकून माहीत आहे आणि नंतर थोडं वाचूनही माहीत झालं. दोन्ही बाजूंच्या मित्रांसाठी ते आधी सांगतो.

जिन हा अरबी शब्द. त्याच्या मुळात अर्थ आहे झाकलेलं, नजरेआड असलेलं. त्याच धातूवरून जन्नत आलं, म्हणजे झाडांनी झाकलेली बाग. आईच्या पोटातलं न दिसणारं बाळ म्हणजे जनीन. बुद्धीवर पडदा पडला की जुनून, आणि ज्याच्यावर पडला तो मजनून. आपण ज्याला मजनू म्हणतो तो हाच. इस्लामच्या आधीपासून अरबांना जिन माहीत होते. वाळवंटात रात्र काढायची वेळ आली की लोक त्या दरीतल्या जिनांच्या सरदाराकडे आसरा मागायचे. शायराला शायरी जिन सुचवतो असंही मानायचे.

कुरआनने जिन नाकारले नाहीत, पण त्यांना जागेवर बसवलं. माणूस मातीपासून आणि जिन धूर नसलेल्या आगीपासून, दोघंही अल्लाहने बनवलेले. दोघांनाही बरंवाईट निवडायची मुभा आणि दोघांचाही हिशोब होणार. जिनांमध्ये नेक आहेत, बद आहेत, ईमानवालेही आहेत. कुरआनचा 72 वा सूरा त्यांच्याच नावाचा आहे, 28 आयतींचा. त्यात एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे, की काही माणसं जिनांचा आसरा घ्यायची आणि त्यातून त्यांचं नुकसानच वाढलं. बाबाच्या चटईवर बसणाऱ्यांनी ही आयत एकदा अर्थासह वाचावी.

आणखी एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. हजरत सुलेमान यांच्या हुकमतीत जिन राबत होते. सुलेमान काठीला टेकून उभे असतानाच वारले. जिनांना पत्ताच नाही, ते काम करत राहिले. काठी किड्याने आतून पोखरली, देह खाली आला, तेव्हा कळलं. कुरआनच सांगतं की जिनांना गैबचं, म्हणजे दडलेल्या गोष्टींचं ज्ञान असतं तर ते असे राबत बसले नसते. आता सांगा, समोर उभा असलेला राजा मेलाय हे ज्यांना कळलं नाही, त्यांच्याकडून आमच्या तालुक्यातला बाबा चोरीला गेलेली मोटरसायकल आणि शेतातलं गुप्तधन कसं शोधून देतो?

लोककथेतले जिन वेगळे. ते मला आजही आवडतात. दादी मोरीत गरम पाणी ओतताना 'बिस्मिल्लाह' म्हणायची. का, तर तिथे कोणी बसलं असेल तर बिचाऱ्याला चटका बसू नये. मध्यरात्री दुकानात येऊन सगळी मिठाई घेऊन जाणारा पांढऱ्या कपड्यांतला उंच गिऱ्हाईक, मदरशात पोरांमध्ये बसून शिकणारा आणि जागेवरून हात लांबवून दिवा विझवणारा विद्यार्थी, या गोष्टी दख्खनपासून दिल्लीपर्यंत सांगतात. त्यात भीतीपेक्षा शेजारधर्म जास्त आहे. मराठीनेही हे पाहुणे घरात घेतलेत. कोकणातला खवीस हा अरबी 'खबीस'वरून आला, म्हणजे घाणेरडा, दुष्ट. जिनचा जिंद झाला, शैतानचा सैतान. भुतांच्या बाबतीत आपण कधीच वेगळे नव्हतो.

दिल्लीत फिरोजशाह कोटला आहे, तुघलकाने चौदाव्या शतकात बांधलेला किल्ला. तिथे दर गुरुवारी लोक जिनांना अर्ज लिहितात. फोटो, पत्ता सगळं घालून, आणि त्याच्या झेरॉक्स काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवतात. हिंदूही येतात, मुसलमानही. आणीबाणीनंतर, 1977 च्या सुमारास ही गर्दी वाढली असं आनंद तनेजा या अभ्यासकाने लिहिलंय. मला हे वाचून हसू आलं नाही. तहसीलच्या खिडकीवर तीन-तीन महिने अर्ज घेऊन उभी राहणारी माणसं मी रोज बघतो. जिथे कोणीतरी ऐकतं असं वाटतं तिथे माणूस अर्ज देतोच.

आता त्या मुलीबद्दल.

मी तिच्या वडिलांना भेटलो. नाव, गाव लिहिणार नाही आणि कोणी कमेंटमध्येही लिहू नये. मुलीला फिट येतात, तीन वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या, बरं होतं. मग कोणीतरी सांगितलं की गोळ्यांनी जिन दबतो, निघत नाही. गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवसांत फिट वाढल्या. बाबाने सांगितलं, बघा, जिन चवताळला. मी म्हटलं, "चाचा, गोळ्या अचानक बंद केल्या की फिट वाढतातच." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भाई, डॉक्टरसाब दो मिनट में चिठ्ठी लिखके देते. बाबा एक घंटा बैठके सुनता." या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे दोन्हीकडे लागतात. ऐकून मात्र एकच जण घेतो.

जिन माणसाला त्रास देऊ शकतो असं मानणारे आलिम बरेच आहेत, हे मी लपवत नाही. ते कुरआन पढून दम करणं जायज मानतात. पण पढणं वेगळं आणि केस धरून मारणं वेगळं. इलाज करा, प्रत्येक आजारावर दवा आहे, ही शिकवण पैगंबरांचीच आहे.

आणि बुखारी शरीफमधली एक हदीस ऐका. फिट येणारी एक काळी स्त्री पैगंबरांकडे आली. म्हणाली, मला झटके येतात आणि माझं अंग उघडं पडतं, माझ्यासाठी दुआ करा. ते म्हणाले, सब्र केलंस तर जन्नत आहे, किंवा बरं होण्यासाठी दुआ करतो. ती म्हणाली, सब्र करते, पण अंग उघडं पडू नये एवढी दुआ करा. त्यांनी ती केली. तिला मारलं नाही, धुरी दिली नाही, आत कोण आहे हे विचारलं नाही. तिने मागितली ती फक्त अब्रू. आणि आपण काय केलं? एका पोरीचं भान हरपलेलं शरीर चार हजार फोनवर पाठवलं. 'खैर करे' लिहिणाऱ्यांनीही आणि हसणाऱ्यांनीही. ज्यांच्याकडे तो व्हिडिओ असेल त्यांनी तो आत्ता, पुढची ओळ वाचायच्या आधी, डिलीट करावा.

कायद्याचंही सांगतो. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवतो म्हणून बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, 5 हजार ते 50 हजार दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कायदा धर्म बघत नाही. दर्ग्यात फातिहा पढायला, देवळात प्रदक्षिणा घालायला त्याने बंदी केलेली नाही.

कोणी म्हणेल, एवढं काय, परंपरा आहे. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना साखळीने बांधून ठेवायचे. 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे आग लागली. साखळ्या सुटल्या नाहीत, 28 जण जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं साखळीने बांधणं बंद केलं. दुसरीकडे गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' नावाने उपक्रम चालला. मुजावर दुआ करतात आणि त्याच माणसाला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतात. श्रद्धाही राहते, गोळ्याही चालू राहतात.

हे आपल्याकडे का होऊ नये? जामा मशिदीच्या इमामसाहेबांशी बोललोय, येत्या जुम्म्याला ते फिटबद्दल बोलायला तयार आहेत. देवस्थानच्या पुजारीकाकांशीही बोलणार आहे. उपजिल्हा रुग्णालयात मेंदूविकार आणि मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, याचा फलक दर्ग्याच्या आणि देवळाच्या दाराशी लावा, ही मागणी मी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी दिलीय. तोवर हे लक्षात ठेवा. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हटवा. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन. मनाच्या त्रासासाठी 14416 हा टेली-मानसचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

मुलीच्या गोळ्या परवापासून पुन्हा सुरू झाल्यात. बाबाविरुद्ध तक्रार द्यायची की नाही हे तिचे वडील ठरवतायत. त्यांना मोहल्ल्यातून फोन जातायत, गप्प बसा म्हणून. ज्यांना खरंच काही करायचं असेल त्यांनी त्यांना एवढंच सांगावं, की आम्ही तुमच्यासोबत ठाण्यात येतो. मी येणार आहे.